विंचवाचे बिऱ्हाड सांभाळताना

अमेरिकेत मुलाबाळांकडे उन्हाळा काढायला गेलेल्या मराठी मंडळींना तिथल्या महामार्गांवर एक दृश्य हमखास दिसते. एसटीच्या बसएवढे एक धूड डौलात चाललेले असते. मागच्या शिडीला दोन सायकली बांधलेल्या, त्यामागे लोखंडी दांड्याने जोडलेली एक छोटी मोटार, आणि पुढच्या आसनांवर बहुधा सत्तरीला टेकलेले जोडपे. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण इतकी अक्षरशः खरी झालेली क्वचितच पाहायला मिळते. या वाहनाचे तिथले नाव ‘रिक्रिएशनल व्हेइकल’. बोलताना सारे जण ‘आरव्ही’ एवढेच म्हणतात. आत पलंग, स्वयंपाकाचा ओटा, फ्रीज, न्हाणीघर, शौचालय, सारे काही असते. निवृत्तीनंतर घराला कुलूप लावून, कित्येकदा ते विकूनही, देश पाहायला निघायचे हे तिथल्या मध्यमवर्गाचे जुने स्वप्न आहे. स्वप्नाची जाहिरात भरपूर होते. देखभालीविषयी मात्र विक्रेता फारसे बोलत नाही आणि नव्या मालकाला तिची खरी ओळख होते तेव्हा पहिला हिवाळा उलटून गेलेला असतो.

या वाहनांचे दोन मुख्य वर्ग आहेत. स्वतःच्या इंजिनावर चालणारी ती मोटरहोम आणि दुसऱ्या वाहनाने ओढायचे ते ट्रेलर. मोटरहोममध्ये ‘क्लास ए’ म्हणजे बससारखी सर्वांत मोठी, ‘क्लास बी’ म्हणजे व्हॅनच्या सांगाड्यात बसवलेली, तर ‘क्लास सी’ म्हणजे चालकाच्या डोक्यावर पुढे आलेल्या माळ्यात बिछाना असलेली मधली. अक्षरांचा क्रम आकाराच्या क्रमाशी जुळत नाही, हे नवख्याने आधीच लक्षात ठेवलेले बरे. ओढायच्या प्रकारांत साधा ट्रॅव्हल ट्रेलर आणि पिकअप ट्रकच्या हौद्यात जोड बसवून ओढायचे ‘फिफ्थ व्हील’ हे प्रमुख. या उद्योगाची राजधानी म्हणजे इंडियाना राज्यातील एल्कहार्ट आणि तिच्या आसपासची गावे. देशातल्या बहुतेक आरव्ही या एकाच टापूत तयार होतात. आयोवातील फॉरेस्ट सिटी येथे १९५८ मध्ये सुरू झालेल्या विनेबागो कंपनीचे नाव तर वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणावे तसे मोटरहोमला चिकटले. वॉली बायम यांनी १९३० च्या दशकात आणलेला चंदेरी, गोलसर ‘एअरस्ट्रीम’ ट्रेलर आजही बनतो.

करोनाच्या साथीत विमाने आणि हॉटेले बंद पडली तेव्हा या वाहनांना अभूतपूर्व मागणी आली. २०२१ या एका वर्षात अमेरिकी कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक आरव्ही बाहेर पडल्या. हा उच्चांक होता. २०२३ मध्ये हाच आकडा सव्वातीन लाखांच्याही खाली आला. व्याजदर वाढले हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, हौसेने घेतलेली हजारो वाहने तोवर जुन्या बाजारात परत आली होती. घाईच्या दिवसांत जोडणी कशीबशी उरकली गेल्याच्या तक्रारीही या काळात फार झाल्या.

मुळात हे वाहन म्हणजे दोन परस्परविरोधी वस्तूंचा संसार आहे. घर स्थिर राहावे म्हणून बांधलेले असते आणि गाडी हलावी म्हणून. आरव्हीत नळाचे सांधे, कपाटांच्या बिजागऱ्या, खिडक्यांच्या चौकटी, गॅसच्या नळ्या हे सारे ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने तासन्‌तास हादरत राहते. दर प्रवासानंतर कुठला ना कुठला स्क्रू सैल झालेला सापडतोच, त्यामुळे जुना मालक हाताशी पेचकस ठेवूनच प्रवास करतो. दुरुस्तीची विभागणीही अशीच दुहेरी असते. सांगाडा आणि इंजिन फोर्ड, मर्सिडीज किंवा फ्रेटलायनरचे, घर बांधणारी कंपनी वेगळी आणि फ्रीज, शेगडी, वातानुकूलन यंत्र आणखी तिसऱ्या-चौथ्यांचे. प्रत्येकाची हमी स्वतंत्र. सदोष नवे वाहन परत घेण्याची सक्ती करणारे कायदे अमेरिकेत आहेत. पण अनेक राज्यांत ते मोटरहोमच्या केवळ वाहन म्हणून असलेल्या भागाला लागू होतात, राहत्या भागाला नाहीत. इंजिन बिघडले तर कायदा पाठीशी उभा राहतो, छप्पर गळले तर तो बाहेरच थांबतो.

छपरावरचे पाणी

आरव्हीचा सर्वांत मोठा शत्रू कोणता, असे जाणत्या मालकाला विचारले तर तो अपघात म्हणणार नाही, चोरी म्हणणार नाही. तो गळती म्हणेल. छप्पर बहुधा पातळ प्लायवूडवर चिकटवलेल्या रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या पडद्याचे असते. त्याला वातानुकूलन यंत्र, झरोके, शौचालयाच्या टाकीची वायुनलिका, अँटेना, सौर पट्ट्या अशा डझनभर ठिकाणी भोके पाडलेली असतात. प्रत्येक भोकाभोवती सीलंटचा लगदा फासलेला असतो. उन्हाने तो सुकतो, थंडीने आक्रसतो, हादऱ्यांनी तडकतो. केसाएवढ्या भेगेतून पाणी आत शिरते आणि लाकडी चौकटीतून भलतीकडेच वाट काढते. गळती मागे, ओल पुढे, असा प्रकार नेहमीचाच. छतावर पहिला तपकिरी डाग दिसेपर्यंत आतले लाकूड पार कुजलेले असू शकते. बाहेरून चिकटवलेला फायबरचा पत्रा मग जागोजागी सुटतो आणि पापडासारखा फुगतो. या अवस्थेला पोहोचलेल्या वाहनाची दुरुस्ती कित्येकदा त्याच्या किमतीपेक्षा महाग पडते.

उपाय साधा आहे आणि म्हणूनच टाळला जातो. दर तीन महिन्यांनी, निदान वर्षातून दोनदा, शिडी लावून वर चढायचे, प्रत्येक सांधा डोळ्यांनी आणि बोटांनी तपासायचा, तडकलेला सीलंट खरवडून नवा भरायचा. सीलंटही पडद्याच्या जातीला मानवणाराच हवा. घरातल्या मोरीसाठी आणलेले सिलिकॉन वर फासणे म्हणजे पुढच्या दुरुस्तीचे काम दुप्पट करणे, कारण त्यावर दुसरे काही धड चिकटत नाही. सत्तरीच्या माणसाने शिडी चढावी का, हा प्रश्न वेगळा. अनेक घरांत गाडी विकण्याचे कारण तेच ठरते.

‘स्लाइड-आउट’ नावाची सोय हा याच दुखण्याचा दुसरा चेहरा. गाडी उभी केल्यावर बटण दाबताच भिंतीचा एक भाग बाहेर सरकतो आणि दिवाणखाना रुंद होतो. पाहुण्यांना मोठे कौतुक वाटते. पण भिंतीत मुद्दाम ठेवलेले ते दार-खिंडार आहे, त्याच्या चारही कडांना रबरी पट्ट्या आहेत, त्या पट्ट्या वाळतात आणि बाहेर सरकलेल्या भागाच्या माथ्यावर साचलेली पाने आत येताना पाण्यासकट घरात येतात. मोटार अडकली तर भिंत बाहेर आणि निघायची वेळ झालेली, अशी फजिती ठरलेली.

पोटातले पाणी

आरव्हीच्या पोटात तीन टाक्या असतात. पहिली पिण्याच्या पाण्याची. दुसरीत ओट्याचे आणि न्हाणीघराचे सांडपाणी जाते. तिला ‘ग्रे’ म्हणतात. तिसरी शौचालयाची, तिचे नाव ‘ब्लॅक’. २००६ मध्ये आलेल्या रॉबिन विल्यम्स यांच्या ‘आरव्ही’ या चित्रपटात ही तिसरी टाकी रिकामी करताना झालेली फजिती पाहून प्रेक्षक पोट धरून हसले. नव्या मालकांना त्यात अतिशयोक्ती फारशी वाटत नाही.

टाकी रिकामी करण्याचे एक शास्त्र आहे. ती वाटेत कुठेही सोडता येत नाही. छावणीत किंवा ठराविक ठिकाणी असलेल्या ‘डम्प स्टेशन’वरच जावे लागते. आधी ब्लॅक आणि नंतर ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. टाकी निदान दोन तृतीयांश भरल्याशिवाय सोडू नये, नाही तर वाहून नेण्यापुरता जोर मिळत नाही. सर्वांत मोठी चूक म्हणजे छावणीत गटाराला नळी जोडली की ब्लॅकची झडप उघडीच ठेवणे. सोय वाटते खरी, पण द्रव निघून जातो, घन मागे राहतो, वाळतो आणि त्याचा ढीग तयार होतो. तो फोडायचे काम करायला माणूस बोलवावा लागतो आणि तो आपल्या कामाची किंमत जाणून असतो. टाकी किती भरली हे दाखवणारे दिवेही भरवशाचे नसतात. आतल्या संवेदकांना कागद चिकटला की रिकामी टाकीही भरल्याची ग्वाही देते. म्हणून लवकर विरघळणारा कागद, भरपूर पाणी आणि हातमोजे या तीन गोष्टींवर अनुभवी मंडळी तडजोड करीत नाहीत. पिण्याच्या पाण्याची नळी सहसा पांढरी घेतात ती सांडपाण्याच्या नळीशी कधीही गल्लत होऊ नये म्हणून. छावणीतल्या नळाचा दाब कधी कधी इतका असतो की आतले सांधे निखळतात. त्यासाठी नळालाच दाब कमी करणारी पितळी तोटी लावतात. ही तोटी फार महाग नसते, ती न लावल्याने भिजलेली जमीन मात्र असते.

हिवाळ्याचे प्रकरण याहून गंभीर. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. मिशिगन किंवा मिनेसोटात ऑक्टोबरच्या अखेरीस उघड्यावर ठेवलेल्या गाडीच्या नळ्यांत पेलाभर पाणी राहिले तरी एखादा कोपर-सांधा किंवा पंप फुटायला ते पुरते. म्हणून हंगाम संपताच सर्व टाक्या रिकाम्या करायच्या, पाणी तापवण्याची टाकी बाजूला काढायची आणि पंपाने सर्व नळ्यांत गुलाबी रंगाचे गोठणरोधक भरायचे, हा वार्षिक विधी असतो. हे द्रव्य प्रॉपिलीन ग्लायकॉलचे असते. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते इथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने पिण्याच्या नळ्यांत चालत नाही. विसरले जाते ते नेमके आडबाजूचे: बाहेरचा शॉवर, बर्फ बनवणाऱ्या यंत्राची बारीक नळी, कपडे धुण्याचे यंत्र. फूट पडते ती जानेवारीत आणि कळते एप्रिलमध्ये, पहिल्यांदा पंप सुरू केल्यावर.

वसंतात उलट विधी. गुलाबी द्रव धुऊन काढायचा, टाकीत ब्लीचचे पाणी काही तास ठेवून ते पुन्हा पुन्हा बदलायचे, वास जाईपर्यंत.

वजन, टायर आणि पूल

पाण्याचा विषय इथेही संपत नाही, कारण पाण्याला वजन असते. चाळीस गॅलनांची भरलेली टाकी म्हणजे सुमारे दीडशे किलो. त्यात भांडी, पुस्तके, अवजारे, कुत्र्याचे अन्न, नातवंडांच्या सायकली. गाडीच्या दारापाशी किती सामान चालेल याचा आकडा चिकटवलेला असतो आणि तो वाचून बहुतेकांना धक्का बसतो. धूड एवढे मोठे, पण सामानाची मुभा एखाद्या मोठ्या मोटारीएवढीच. ट्रकतळांवरच्या काट्यावर थोड्या डॉलरांत वजन करून मिळते. तिथे एकदाही न गेलेला मालक आपण वजनात आहोत, असे खात्रीने सांगतो. त्याच्या खात्रीला अर्थ नाही.

ट्रेलर ओढणाऱ्यांना वजन कुठे ठेवले हेही पाहावे लागते. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर पडावा, असा नियम आहे. सामान मागे गेले की ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. अशा वेळी पुढच्या गाडीचा ब्रेक करकचून दाबणे ही स्वाभाविक आणि घातक प्रतिक्रिया होय. वेग हळूहळू सोडत फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे असतात.

टायरांचा नियम मोटारीच्या मालकाला चक्रावून टाकणारा आहे. आरव्हीचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. वर्षातून दहा महिने एकाच जागी, उन्हात, पूर्ण भाराखाली उभे राहून त्यांचे रबर वरून काळेभोर आणि आतून ठिसूळ होते. नक्षी नव्यासारखी दिसत असूनही पाच-सात वर्षांनी ते बदलावे लागतात. टायरच्या कडेवरील शेवटचे चार अंक त्याची जन्मतारीख सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुनी आरव्ही पाहायला जाणाऱ्याने आतले पडदे पाहण्याआधी वाकून हे अंक वाचावेत. धावत्या गाडीचा टायर फुटला की चाकाच्या वरचा घराचा भागही चिंध्या होऊन जातो.

उंचीचे तर किस्सेच आहेत. नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅम येथे एक रेल्वेपूल ११ फूट ८ इंच उंचीचा म्हणून प्रसिद्ध होता. सूचनाफलक, लुकलुकणारे दिवे, सारे असूनही ट्रक आणि आरव्ही त्याला धडकत आणि छपरावरची वातानुकूलन यंत्रे रस्त्यावर येत. ऑक्टोबर २०१९ मध्ये रेल्वेने पूल आठ इंचांनी उचलला. धडका त्यानंतरही होत राहिल्या. म्हणून आपल्या गाडीची उंची चिठ्ठीवर लिहून चालकासमोर लावण्याची पद्धत आहे. मोटारीसाठीचा मार्गदर्शक नकाशा पूल किती उंच आहे हे सांगत नाही. मोंटानातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या विख्यात ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्याच्या डोंगरी टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद वाहनाला मज्जाव आहे. म्हणजे ज्या दृश्यासाठी घर ओढत आणले, ते पाहायला घर खालीच ठेवून जावे लागते. काही बोगद्यांत गॅसच्या टाक्यांसह शिरायला बंदी आहे.

विजेबद्दल थोडक्यात. दिवे आणि पंप बारा व्होल्टच्या बॅटरीवर, तर वातानुकूलन आणि मायक्रोवेव्ह १२० व्होल्टवर चालतात. लहान गाड्यांची जोडणी तीस अँपिअरची असते, म्हणजे एकूण ३,६०० वॉट. वातानुकूलन चालू असताना मायक्रोवेव्ह आणि केस वाळवण्याचे यंत्र एकत्र लावले की अंधार. जुन्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या निम्म्याहून जास्त उतरू दिल्या तर लवकर मरतात. लिथियमच्या बॅटऱ्यांनी हे दुःख कमी केले, पण किंमत वाढवली. गॅसवर चालणारा फ्रीज गाडी समतल उभी नसेल तर हळूहळू स्वतःला जाळतो. जनरेटर चालवताना कार्बन मोनॉक्साइडचा सूचक आहे की नाही, आणि त्याच्यावर छापलेली मुदत संपलेली तर नाही ना, हे मात्र थोडक्यात सोडून देण्यासारखे नाही. या वायूला वास नसतो आणि माणसे झोपेत असतात.

उभे कुठे करायचे?

गाडी घराच्या अंगणात उभी करू, असे म्हणणाऱ्याला बहुधा आपल्या वसाहतीची नियमावली ठाऊक नसते. अनेक अमेरिकी वसाहतींत दारात आरव्ही ठेवण्यास बंदी आहे. मग भाड्याची जागा, तिचा मासिक खर्च आणि तिथले उंदीर. थंडीत उबेसाठी शिरलेला एक उंदीर तारांची सालपटे काढून जे नुकसान करतो, ते शोधायलाच मिस्त्रीचे दोन दिवस जातात. आरव्ही चालताना जितकी बिघडते, त्याहून अधिक ती उभी राहून बिघडते.

प्रवासातही जागेचा प्रश्न सुटत नाही. वीज, पाणी आणि गटार अशा तिन्ही जोडण्या असलेल्या छावण्या उन्हाळ्यात भरलेल्या असतात. लोकप्रिय राष्ट्रीय उद्यानांतील अनेक जागा सहा-सहा महिने आधी आरक्षित कराव्या लागतात. वाटेल तिथे थांबू, या स्वातंत्र्याचा अर्थ प्रत्यक्षात जानेवारीत बसून जुलैचे वेळापत्रक आखणे असा होतो. पश्चिमेकडच्या सरकारी पडीक जमिनींवर बहुतेक ठिकाणी चौदा दिवस फुकट राहता येते, पण तिथे ना नळ ना गटार. ॲरिझोनातील क्वार्टझसाइट या वाळवंटी गावाजवळ तर दर हिवाळ्यात उत्तरेकडची थंडी चुकवणाऱ्यांचे मोठे शहरच वसते.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि केरळनेही त्याच वर्षी आपली योजना जाहीर केली. आपल्याकडे अशा गाड्या सहसा चालकासह भाड्यानेच मिळतात, आणि सध्याच्या स्थितीत तेच शहाणपणाचे आहे. टाकी रिकामी करण्याची जागा प्रत्येक मुक्कामी निश्चित नसेल आणि कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात छपराचा सांधा तपासणारा माणूस तालुक्याला मिळणार नसेल, तर मालकी हा निव्वळ मनस्ताप ठरेल. अमेरिकेतही जाणकार सल्ला देतात तो आधी एक-दोन आठवडे भाड्याने घेऊन पाहण्याचा, आणि तोही पावसाच्या दिवसांत.

पैशाचे गणित थोडे निष्ठुर आहे. मोठे मोटरहोम लिटरला जेमतेम तीन-चार किलोमीटर धावते. कर्ज दहा, पंधरा, कधी वीस वर्षांचे मिळते, त्यामुळे हप्ता लहान दिसतो. पण गाडीची किंमत कर्जापेक्षा वेगाने उतरते आणि मधेच विकायची पाळी आली तर आलेल्या पैशात कर्जही फिटत नाही. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेली आरव्ही करकायद्यात दुसरे घर म्हणून धरता येते, ही विक्रेत्यांची आवडती गोष्ट. घराची किंमत बहुधा वाढते, हिची वाढत नाही, हे वाक्य ते पुरे करीत नाहीत.

हे सारे हौशी मालकाला त्रासदायक आहे. जे बाराही महिने त्यातच राहतात, त्यांच्यासाठी ते अस्तित्वाचे प्रश्न आहेत. गाडी दुरुस्तीला गेली की घर दुरुस्तीला जाते. सुट्या भागासाठी तीन आठवडे थांबा, असे सांगितले गेले तर हे तीन आठवडे मोटेलच्या भाड्यात जातात. जेसिका ब्रूडर यांच्या २०१७ च्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकाने, आणि त्यावरून क्लोई जाओ यांनी केलेल्या, २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवलेल्या चित्रपटाने, घरभाडे परवडत नाही म्हणून चाकांवर आलेल्या वृद्धांची ओळख जगाला करून दिली. त्यांच्यापाशी छपरासाठी ठेवलेली शिल्लक नसते.

कायमस्वरूपी फिरणाऱ्यांना कायद्यासाठी एक पत्ताही लागतो: वाहन परवाना, विमा, मतदान, टपाल. राज्याचा आयकर नसलेली साउथ डकोटा, टेक्सास आणि फ्लोरिडा ही राज्ये त्यासाठी लोकप्रिय आहेत. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन या छोट्या गावात १९७८ मध्ये स्थापन झालेल्या ‘एस्केपीज’ या आरव्हीधारकांच्या संघटनेचे मुख्यालय आहे. देशभर भटकणाऱ्या सभासदांचे टपाल तिथे येते आणि ते असतील तिथे पुढे पाठवले जाते. त्याच आवारात संघटनेशी संलग्न एक सेवाकेंद्रही आहे. गुडघे, डोळे किंवा स्मृती साथ देईनाशी झाली की भटके सभासद आपली गाडी तिथे आणून उभी करतात. दिवसा त्यांना जेवण आणि शुश्रूषा मिळते. रात्री ते आपल्याच गाडीत, आपल्याच पलंगावर झोपतात.